हाउस ऑफ द ड्रॅगन, सीझन दोन : सातारा-सांगलीकरांचा धागा (स्पॉयलर आहेत!)

वेण्णाकाठची
१७ जून २०२४, सकाळी ९.१०

आज साडेसहाला पहिला भाग आला आणि आठच्या आत तिघांनी मेसेज करून विचारलं, धागा कुठाय? हा घ्या.

ज्या आठवड्याचा भाग, त्यावर मोकळेपणी लिहा. पुस्तक वाचून पुढचं माहीत असेल तर तोंडावर ताबा ठेवा. यवतेश्वर_घाट, हे नाव घेऊन सांगतेय.

२०२२ चा सीझन विसरलेल्यांसाठी थोडक्यात. व्हिसेरिस राजाने मुलीला, रेनिराला, वारस नेमलं आणि सगळ्या सरदारांना तशी शपथ घ्यायला लावली. मग म्हातारपणाकडे झुकताना लग्न केलं ते मुलीच्याच जिवलग मैत्रिणीशी, ॲलिसेंटशी. तिला मुलगे झाले. राजाने डोळे मिटले आणि ॲलिसेंटच्या वडिलांनी, ऑटोने, नातवाला, एगॉनला, घाईघाईने गादीवर बसवलं. शेवटच्या भागात ॲलिसेंटच्या एमंडच्या ड्रॅगनने, व्हेगारने, रेनिराचा ल्यूक आकाशातच संपवला. हिरवे म्हणजे ॲलिसेंटची बाजू, काळे म्हणजे रेनिराची. मी काळ्यांची. आधीच सांगून ठेवते.

भडंग_आणि_चहा
१७ जून २०२४, सकाळी ९.४२

ताई, बघायचं कुठं ते सांगा की. हॉटस्टारवर शोधून शोधून थकलो.

वेण्णाकाठची
१७ जून २०२४, सकाळी ९.५०

एचबीओचं सगळं गेल्या वर्षीच जिओसिनेमावर गेलं, भाऊ. महिना २९ रुपये.

यवतेश्वर_घाट
१७ जून २०२४, रात्री ११.०५

आजच्या भागापुरतंच बोलतो, पुढचं काही नाही. मला शेवट मिळमिळीत वाटला. पुस्तकात हेलेनाला, म्हणजे एगॉनच्या राणीला, तीन मुलं आहेत. ल्यूकचा सूड घ्यायला आलेले मारेकरी तिला विचारतात की दोन मुलग्यांपैकी कुठला मरू दे, तूच सांग. ती रडतरडत धाकट्याचं, मेलोरचं, नाव घेते. आणि ते थोरल्याला मारतात. म्हणजे धाकटा जगतो, पण आईने आपलं नाव घेतलं हे घेऊन जगतो. इथे मेलोरच नाही. मारेकऱ्यांना जुळ्यांतला मुलगा कोण तेवढंच कळत नाही, ती बोट दाखवते, विषय संपला.

मिरजेची_तार
१८ जून २०२४, सकाळी ७.३०

मला उलट वाटतं. कृत्य पडद्यावर दाखवलंच नाही, नुसता आवाज ऐकवला. आणि ती पोर ओरडत नाही, दुसऱ्या मुलाला उचलते आणि निमूट जिने उतरून जाते. फिया सबानने एवढ्या कमी हालचालीत केलंय की पुस्तकातला तो पेच आणखी वर चढवला असता तर मेलोड्रामा झाला असता. आमच्याकडे विष्णुदास भाव्यांच्या वेळचे राक्षस 'अलल्डुर्र' करत रंगमंचावर यायचे म्हणतात. ते दिवस गेले, घाटदादा.

यवतेश्वर_घाट
१८ जून २०२४, सकाळी ८.०२

मेलोर नसल्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागणार आहे. लिहून ठेवा. (हा स्पॉयलर नाही, ही तक्रार आहे.)

प्रीतिसंगमावर
२४ जून २०२४, रात्री १०.१५

दुसरा भाग. एरिक आणि अॅरिक, एक जुळा काळ्यांकडे, एक हिरव्यांकडे, एकमेकांशी लढले आणि कोण कुठला, शेवटपर्यंत कळलं नाही. आणि तोच मुद्दा होता बहुतेक. दोघं नट खरोखरचे जुळे भाऊ आहेत म्हणे, टिटेन्सर आडनावाचे. एगॉनने शहरातले सगळे उंदीर पकडणारे लटकवले ते पाहून मात्र जेवण जाईना. ऑटो आजोबा नातवावर खेकसले ते रास्तच होतं. गेली त्यांची नोकरी.

तासगावचा_बेदाणा
१ जुलै २०२४, दुपारी १.२०

मी इथे नुसता वाचायला येतो, पण आज राहवेना. तिसऱ्या भागाची सुरुवात बघितली का? ब्रॅकन आणि ब्लॅकवूडची पोरं शिवेवर उभी. हा म्हणतो तुम्ही हद्दीचे दगड सरकवले, तो म्हणतो तुम्ही. शिव्या, ढकलाढकली, एक तलवार निघते. आणि पुढच्याच क्षणी अख्ख्या माळावर मढी. मधली लढाई दाखवलीच नाही.

आमच्या बागेच्या बांधावरून चुलत्यांशी आजोबांच्या काळापासून चाललंय. तीन वेळा मोजणी झाली, दर वेळी दगड वेगळ्या जागी. मोजणीदार आला की दोन्हीकडचे चहा पाजायला पुढे. गादी कुणाची हे त्या पोरांना काय घेणंदेणं नव्हतं. त्यांना निमित्त मिळालं, बाकी भांडण जुनंच. अख्ख्या मालिकेतलं मला सगळ्यात खरं वाटलेलं हेच दोन मिनिटांचं दृश्य.

भडंग_आणि_चहा
१ जुलै २०२४, दुपारी १.३१

बेदाणाशेठ, तुमच्या चुलत्याकडं ड्रॅगन नाही तेवढं बरं हाय.

तासगावचा_बेदाणा
१ जुलै २०२४, दुपारी १.४०

ट्रॅक्टर आहे. तेवढा पुरतो.

वेण्णाकाठची
१ जुलै २०२४, रात्री ९.००

त्याच भागात रेनिरा जोगिणीच्या वेशात किंग्ज लँडिंगच्या देवळात शिरून ॲलिसेंटला भेटते, त्यावर कुणीच बोललं नाही. शत्रूच्या राजधानीत, पहारे चुकवून, एकटी? बरं, भेटून निष्पन्न काय, तर ॲलिसेंटला कळतं की मरताना राजाने जो 'एगॉन' म्हटला तो तिचा मुलगा नव्हता, जुन्या भविष्यवाणीतला एगॉन होता. म्हणजे हे सगळं गैरसमजातून झालं. मला हा धागा आवडत नाहीये. हा म्हणजे गोष्टीतला, आपला नाही.

भडंग_आणि_चहा
८ जुलै २०२४, सकाळी ८.१५

आरं काय भाग हाय राव!!! चौथा!!! बघितल्याबगार कुणी ऑफिसला जाऊ नका!!! व्हेगार झाडीतनं उठती तवा मी खुर्चीवरनं उठलो!!!

प्रीतिसंगमावर
९ जुलै २०२४, रात्री ११.४०

पालखी जिल्ह्यात आहे, पाहुणे घरी, आज रात्री कुठे निवांत बघायला मिळालं. रूक्स रेस्टची लढाई म्हणजे या सीझनचे सगळे पैसे वसूल. तीन ड्रॅगन, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. काळ्यांकडच्या रेनिसची मेलीज चपळ, सनफायर देखणा आणि पोरसवदा, व्हेगार म्हणजे उडता डोंगर. एगॉन दारू पिऊन, कुणी न बोलावता मध्ये घुसला, आणि एमंडने 'ड्रकारिस', म्हणजे आग ओक, म्हणताना भाऊ मध्ये आहे याचा विचार केला नाही. की केला?

मिरजेची_तार
१० जुलै २०२४, सकाळी ७.१०

केला. थांबतो तो. युअन मिचेलचा एकच डोळा दिसतो, पण तेवढ्यात सगळं कळतं.

रेनिसला निसटून जाता येत होतं, ती वळून परत येते. ईव्ह बेस्टने त्या क्षणी चेहऱ्यावर ना शौर्य आणलं ना दुःख. काम उरलंय, करून टाकू, असा चेहरा. जिला बाई म्हणून गादी नाकारली, तीच ज्या बाईला गादी मिळावी तिच्यासाठी मरते, आणि त्यावर एक वाक्यही बोलत नाही. लेखकांना शाबासकी. नंतर जमिनीवर राखेत भेलकांडणारा हिरव्यांचा क्रिस्टन कोलही बघा. वर ड्रॅगन लढत असताना खालच्या माणसाची किंमत काय, ते तिथे दिसतं.

वेण्णाकाठची
१६ जुलै २०२४, रात्री १०.२०

पाचवा भाग. लढाई नाही म्हणून सगळे नाराज दिसताहेत. मला हाच सगळ्यात जास्त टोचला.

एगॉन भाजून अंथरुणाला खिळलाय, राज्य कुणीतरी चालवायला हवं. ॲलिसेंट म्हणते मी चालवते, नवऱ्याच्या आजारपणात मीच चालवत होते. आणि टेबलाभोवतीचे सगळे एकेक करून एमंडकडे वळतात. ज्याच्यासाठी तिने बदनामी पत्करली तो कोलसुद्धा. कारण काय, तर शत्रूच्या बाजूला बाई बसवली म्हणून आपण लढतोय, आपणच बाई कशी बसवणार? तर्क बिनतोड आहे. आणि तो तिनेच जन्माला घातलाय.

हे बघताना मला सारखा आपला अजिंक्यतारा आठवत होता. मूळ पुस्तकाच्या लेखकाने, मार्टिनने, ही गोष्ट इंग्लंडच्या बाराव्या शतकातल्या यादवीवरून घेतली, हे त्याने स्वतः सांगितलंय. पहिल्या हेन्रीचा मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला, मग त्याने मुलीसाठी, मटिल्डासाठी, सरदारांकडून शपथा घेतल्या, आणि ११३५ मध्ये तो मरताच भाचा स्टीफन गादीवर. ठीक. पण साताऱ्याच्या माणसाला एवढ्या लांब जायची गरजच काय?

१७०० मध्ये राजाराम महाराज गेले. ताराबाईंनी चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवलं आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाशी युद्ध चालवलं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. आता गादी कुणाची? थोरल्या घरचा मुलगा एकीकडे, प्रत्यक्ष राज्य राखलेली बाई दुसरीकडे. ताराबाईंनी काय केलं? हा शाहू खरा नव्हेच, तोतया आहे, असं पसरवलं. सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या. आणि खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे गेले ते गेलेच. रेनिराच्या पोरांच्या जन्माबद्दलची कुजबूज, शपथा घेऊन फिरलेले सरदार, राजधानी कुणाच्या हातात, सगळं जसंच्या तसं. फक्त ड्रॅगन नाहीत.

शाहूपुरीकर
१६ जुलै २०२४, रात्री ११.०२

हे वाचून वाईट वाटलं. महाराणी ताराबाईंनी मोगली सत्तेला दख्खनमध्ये जेरीस आणलं, त्यांची बरोबरी टीव्हीवरच्या काल्पनिक बायकांशी? ज्या मालिकेत काका पुतणीशी लग्न करतो? इतिहासाचा असा खेळ करू नये. संपादकांनी लक्ष घालावं.

वेण्णाकाठची
१६ जुलै २०२४, रात्री ११.२०

काका, बरोबरी केलेली नाही. गादीच्या वादाची रचना ताडून पाहिली. ताराबाई मालिकेतल्या दोघींपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, माझं म्हणणंच ते आहे. त्या मोठ्या आहेत कारण त्या कुणाला विचारत बसल्या नाहीत.

संपादक
१७ जुलै २०२४, सकाळी ६.५५

दोन्ही बाजू सभ्यपणे बोलताहेत, धागा चालू राहील. आषाढीच्या शुभेच्छा.

भडंग_आणि_चहा
२२ जुलै २०२४, रात्री ८.१०

सहावा. सीस्मोकनं ॲडमला स्वतःहून पकडलं. माणसानं ड्रॅगन निवडायचा का ड्रॅगननं माणूस, हे आज मिटलं. बाकी रेनिराचा नवरा डेमन अजून हॅरनहॉलच्या किल्ल्यामदी भुतंच बघतोय. आता त्याला कुणीतरी जेवायला घाला आणि घरी पाठवा.

भडंग_आणि_चहा
२६ जुलै २०२४, सायंकाळी ६.३०

नदी वाढाय लागलीय. आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, सगळ्यांच्या फोनवर त्योच आकडा. आम्ही सामान वर चढवून ठेवलंय. सोमवारी मी नसलो तर कुणी सातवा सांगू नका.

वेण्णाकाठची
२६ जुलै २०२४, सायंकाळी ६.४१

काळजी घ्या भाऊ. कोयनेतून सोडलेलं पाणी तुमच्याकडे यायला वेळ लागतो, आजचा पाऊस धरून चालू नका. सातवा राखून ठेवतो.

यवतेश्वर_घाट
३० जुलै २०२४, रात्री ९.४५

पाणी उतरतंय असं कळलं, म्हणून लिहितो.

टारगेरियन रक्ताचा कुठूनतरी अंश असलेल्या गरीबगुरिबांना रेनिरा ड्रॅगनस्टोनच्या गुहेत नेते आणि व्हर्मिथॉरपुढे उभं करते. तो बहुतेकांना खातो किंवा जाळतो. उरतो लोहार ह्यू. तिकडे दारूच्या गुत्त्यावर राजघराण्याच्या नात्याच्या गप्पा हाणणारा उल्फ धडपडत सिल्व्हरविंगच्या पुढ्यात जाऊन पडतो आणि चक्क स्वार होतो. चित्रीकरण सुंदर. पण खरा भाग त्याच्या आधीचा. जेस आईला म्हणतो, कुणीही दासीपुत्र ड्रॅगनवर बसू शकत असेल तर माझ्या बसण्याला काय अर्थ उरला? माझ्या हक्काचा पुरावा तोच एक होता. आईकडे उत्तर नाही.

प्रीतिसंगमावर
३० जुलै २०२४, रात्री १०.१०

आणि ती माणसं कोंडून मारलीच की. पळायला दार उघडं ठेवलं नव्हतं. रेनिरा चांगली, हे आपण आता किती दिवस म्हणायचं?

वेण्णाकाठची
३० जुलै २०२४, रात्री १०.१८

चांगली नाहीच. त्या भागात पहिल्यांदा ती मला राणी वाटली. भीती वाटली तिची.

भडंग_आणि_चहा
५ ऑगस्ट २०२४, सकाळी ९.०५

बघितला आठवा. घरात सगळं ठीक हाय, चिखल काढायची वेळ आली नाही. पर हा शेवट हाय का ट्रेलर? सगळे नुसते चालत्यात. स्टार्क चालत्यात, लॅनिस्टर चालत्यात, जहाजं निघाली, आणि पाट्या आल्या! वर टायलंडला चिखलात कुस्ती खेळाय लावलंय. कुस्ती बघायची तर आमच्याकडं यायचं की.

यवतेश्वर_घाट
५ ऑगस्ट २०२४, सकाळी १०.३०

दहाचे आठ भाग केले की असं होतं. समुद्रावरची मोठी लढाई याच सीझनला शोभली असती, ती तिसऱ्यात ढकलली. डेमनला मात्र झाडाला हात लावून सगळं भविष्य दिसलं. बर्फातली भुतं, 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली, ड्रॅगनची तीन पिल्लं घेतलेली डेनेरिस, आणि गादीवर रेनिरा. लगेच गुडघे टेकले. सात भाग जो माणूस स्वतः राजा व्हायच्या गोष्टी करत होता त्याला एका दृश्यात सरळ केला.

वेण्णाकाठची
५ ऑगस्ट २०२४, रात्री ११.१५

डेमनचं सोडा. मला ॲलिसेंटबद्दल बोलायचंय.

ती होडीतून ड्रॅगनस्टोनला येते आणि रेनिराला म्हणते, राजधानीची दारं उघडून देते, मला मुलीला आणि नातीला घेऊन जाऊ दे. रेनिरा म्हणते, मुलाच्या बदल्यात मुलगा. आणि ती एगॉनला देऊन टाकते. एका सीझनमध्ये दोन वेळा दोघी चोरून भेटल्या, दोन्ही वेळा सुरात सूर मिळाला. मग भांडतंय कोण?

लेखकांना या बायकांची भीती वाटते असं माझं मत झालंय. रेनिराला गादी हवी आहे हे पुरेसं नाही, म्हणून तिच्या डोक्यावर भविष्यवाणी ठेवली. जग वाचवायचं म्हणून ती गादी घेतेय, स्वतःसाठी नाही बरं का. ॲलिसेंटने मुलाला गादीवर बसवलं तेही महत्त्वाकांक्षेने नाही, ऐकण्यात घोळ झाला म्हणून. पुरुषांना असं कुठलं कारण लागत नाही. एमंडला हवंय म्हणून हवंय. ताराबाईंना कुठली भविष्यवाणी झाली होती? सात वर्षं राज्य राखलं, ते आपलं आहे असं वाटलं, सोडलं नाही. १७०८ मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तरी नाही. १७१४ मध्ये सवतीने, राजसबाईंनी, पन्हाळ्यावर कैदेत टाकलं तरी नाही. १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन सातारा-कोल्हापूर वाटण्या झाल्या, त्या साताऱ्यात येऊन राहिल्या, आणि शाहू महाराज गेल्यावर पंचाहत्तरीच्या बाईने पुन्हा डाव मांडला. नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा पेशव्यांच्या कलाने चालतोय असं दिसताच १७५० मध्ये त्यालाच किल्ल्यावर कोंडला. ही बाई कुणाच्या होडीत बसून माफी मागायला गेली असती असं वाटतं तुम्हाला?

मिरजेची_तार
६ ऑगस्ट २०२४, सकाळी ७.२५

नसती गेली. पण म्हणून ॲलिसेंटनेही जाऊ नये असं नाही ना, ताई. सगळ्या बायका एकसारख्या हट्टी का असाव्यात? तिने आयुष्यभर वडिलांचं, नवऱ्याचं, मुलांचं ऐकलं. पाचव्या भागात सगळ्यांनी मिळून तिला त्या टेबलावरून उठवलं. त्यानंतर ती तळ्यात उतरून पाठीवर तरंगत राहिली ते आठवा. तिला गादी नको झालीय, एवढंच. ऑलिव्हिया कुकने ते खरं केलंय. शेवटी रेनिरा तिच्यासोबत जाऊ शकत नाही, ती मात्र निघू शकते, तिथे मला उलट रेनिराची कीव आली.

भविष्यवाणीबद्दल मात्र अनुमोदन. ती काढून टाकली तर रेनिराचं पात्र दुप्पट वजनाचं होईल.

तासगावचा_बेदाणा
६ ऑगस्ट २०२४, दुपारी २.००

गादी नको झालेल्या माणसाने सह्या करून मोकळं व्हावं. मुलगा कशाला द्यावा लागतो?

मिरजेची_तार
६ ऑगस्ट २०२४, दुपारी २.०९

ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, बेदाणादादा. तिथे लेखकांचाच हात आखडला.

यवतेश्वर_घाट
५ सप्टेंबर २०२४, रात्री ८.५०

धागा वर काढतोय. मार्टिन आजोबांनी काल स्वतःच्या ब्लॉगवर मेलोर वगळल्याबद्दल जाहीर नापसंती लिहिली, आणि थोड्याच वेळात पान गायब. त्यांचं म्हणणं असं की लहानसं पात्र काढलं की त्याच्यावर टेकलेल्या पुढच्या घटना ढासळतात. खास करून हेलेनाच्या बाबतीत. काय घटना ते सांगत नाही, नियम आहे. पण १८ जूनचा माझा प्रतिसाद एकदा वर जाऊन वाचा.

भडंग_आणि_चहा
५ सप्टेंबर २०२४, रात्री ९.००

वाचला दादा. बोर्डावर लावतो. तिसरा कवा?

यवतेश्वर_घाट
५ सप्टेंबर २०२४, रात्री ९.०६

मंजूर झालाय, दुसरा सुरू व्हायच्या आधीच. एकूण चार सीझनमध्ये गोष्ट संपवणार असं मालिकेच्या कर्त्याने, कॉन्डलने, सांगितलंय. म्हणजे दोन उरले, आणि मारायची माणसं ढीगभर.

शाहूपुरीकर
६ सप्टेंबर २०२४, सकाळी ६.४०

मुलीने पहिला सीझन दाखवला. ड्रॅगन मला झेपत नाहीत, पण व्हिसेरिस आजारी असताना मुखवटा लावून काठी टेकत दरबारात येतो ते दृश्य पाहिलं. नट मोठा आहे.

वेण्णाकाठची यांनी रामराजाची गोष्ट अर्धीच सांगितली. पुढे १७५१ मध्ये दमाजी गायकवाड ताराबाईंच्या मदतीला फौज घेऊन साताऱ्यापर्यंत आले. त्यांचा मोड झाला तरी बाईंनी किल्ला सोडला नाही. अखेर पेशव्यांशी समेट झाला तेव्हा, १७५२ मध्ये, त्यांनी जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेतली की रामराजा आपला नातू नाही. आधी नातू म्हणून त्यांनीच आणलेला. आता यातलं खरं काय, यावर अभ्यासक अजून भांडतात. हे त्या मालिकेवाल्यांना सुचलं नसतं.

वेण्णाकाठची
६ सप्टेंबर २०२४, सकाळी ७.०५

काका, हे इथे चौथ्या पानावर गाडून टाकू नका. इतिहास विभागात वेगळा धागा काढा, संदर्भ तुम्ही द्या, संगम माहुलीच्या समाधीचे फोटो मी टाकते. आणि दुसरा सीझन कधी बघताय ते सांगा. चौथ्या भागाला मुलीला शेजारी बसवा.